आधी खड्डा, मग पीक: जमीन पाहून पीक ठरवायची पद्धत

माती परीक्षणाचा अहवाल हातात आला की बहुतेकांची नजर थेट नत्र, स्फुरद, पालाशच्या रकान्यांवर जाते. नत्र कमी, स्फुरद मध्यम, पालाश भरपूर. म्हणजे युरिया इतका आणि सुपर फॉस्फेट तितकं. खताचा हिशोब म्हणून हे ठीक आहे. पण कुठलं पीक घ्यायचं याचं उत्तर त्या तीन आकड्यांत नसतं. नत्र कमी असेल तर ते विकत आणता येतं. दीड फुटावर कातळ लागत असेल तर तो कुठल्याच कृषी सेवा केंद्रात बदलून मिळत नाही.

म्हणून इथला क्रम नेहमीपेक्षा उलटा आहे. आधी खोली, मग निचरा, मग चुनखडी आणि क्षार, नंतर सामू (पीएच, म्हणजे मातीची आम्लता-अल्कता) आणि सेंद्रिय कर्ब, आणि खताचे आकडे सगळ्यात शेवटी. जे आपल्याला बदलता येत नाही त्याप्रमाणे पीक निवडायचं. जे बदलता येतं ते पिकाप्रमाणे बदलायचं.

२०१५ साली सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेत १२ घटक असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. पत्रिका उपयोगाची आहे, पण त्या बारांत खोली नाही, निचरा नाही आणि मुक्त चुनखडीही नाही. पहिल्या दोन गोष्टी शेतातच पाहाव्या लागतात. तिसरी प्रयोगशाळेला वेगळी सांगून करून घ्यावी लागते.

शेताचे तुकडे पाडा

सातबाऱ्यावर जिरायत, बागायत आणि पोटखराबा एवढंच कळतं. प्रत्यक्षात तीन एकरांच्या एका गटात तीन प्रकारची जमीन सहज निघते. दख्खनच्या बेसाल्ट खडकावरची आपली जमीन उतारावर बनलेली आहे. माथ्यावरची बारीक माती शतकानुशतकं वाहून ओढ्याकडे गेली. त्यामुळे वर बरड (हलकी, मुरमाड), मध्ये मध्यम काळी आणि ओढ्याकाठी भारी, असा पट्टा बहुतेक शिवारांत दिसतो. संपूर्ण गटाचा एकच नमुना काढला तर जो सरासरी आकडा येतो, तशी जमीन त्या गटात कदाचित कुठेच नसते.

तुकडे पाडायला यंत्र लागत नाही. कागदावर शेताचा कच्चा नकाशा काढा आणि त्यावर आठवणीतून तीन गोष्टी भरा. पावसाचा खंड पडला की पीक सर्वांत आधी कुठे माना टाकतं? मोठ्या पावसानंतर वाफसा (मशागतीजोगी ओल) सर्वांत उशिरा कुठे येतो? आणि उन्हाळ्यात कुठे पांढरा फेस वर दिसतो? ज्याचा ट्रॅक्टर दरवर्षी नांगरटीला येतो त्या चालकालाही विचारा. नांगर कुठे मुरमाला घासतो आणि कुठे ट्रॅक्टर दम खातो, हे त्याला मालकापेक्षा चांगलं माहीत असतं. या चार उत्तरांतून नकाशावर दोन ते चार तुकडे आपोआप वेगळे पडतात. इथून पुढची प्रत्येक पायरी तुकड्यागणिक वेगळी करायची.

खोली: तीन फुटांचा खड्डा

प्रत्येक तुकड्यात एक खड्डा घ्या. तीन फूट खोल आणि आत उतरून बसता येईल एवढा रुंद. त्याआधीच खडक लागला तर तिथे थांबा, तीच तुमच्या जमिनीची खोली. शेतात विहीर किंवा शेततळं नवीन खोदलेलं असेल, किंवा ओढ्याची दरड ताजी कोसळलेली असेल, तर खणायचं कष्टही वाचेल. दरडीचा जुना थर फावड्याने खरवडून आतली ताजी माती उघडी करायची.

आत उतरल्यावर एक बाजू खुरप्याने हळूहळू कोरा. आधी मुळं बघा. मागच्या पिकाची किंवा बांधाजवळच्या तणाची मुळं सरळ खाली गेली आहेत की एखाद्या पातळीवर अचानक आडवी वळली आहेत? आडवी वळली असतील तर तिथे घट्ट थर आहे. तो वर्षानुवर्षं एकाच खोलीवर नांगरल्यामुळे झालेला असू शकतो, किंवा खाली खरोखर कठीण मुरूम असू शकतो. नांगराचा थर फोडता येतो, मुरमाचा नाही. मुरूमही दोन प्रकारचा. खुरप्याने सुटतो तो मऊ मुरूम, त्यात फळझाडांची मुळं शिरतात. पहार आदळली की खणखणतो तो कठीण. तिथे जमीन संपली असं धरा.

खोलीचा हिशोब शेवटी पाण्याचा हिशोब आहे. चांगल्या काळ्या मातीच्या एका फुटात पिकाला ओढून घेता येईल असं साधारण ५० ते ६० मिमी पाणी मावतं. मुरमाड मातीत त्याच्या निम्मं, कधी त्याहूनही कमी. भर वाढीतलं पीक दिवसाला ४-५ मिमी पाणी पितं. आता गणित करा. एक फूट बरड जमिनीत २५ मिमी धरलं तर पाऊस थांबल्यावर पाच-सहा दिवसांत पीक ताणावर येतं. तीन फूट काळ्या जमिनीत तेच पीक महिनाभर तग धरतं. आपल्याकडे खरिपात दोन-तीन आठवड्यांचा खंड ही काही नवलाची गोष्ट नाही.

यवतमाळकडच्या उथळ जमिनींवरच्या कोरडवाहू कपाशीचं दुखणं बरंचसं इथेच आहे. संकरित कपाशीला साडेपाच-सहा महिने लागतात. पाऊस ऑक्टोबरात जातो. बोंडं भरायची वेळ आणि मातीतलं पाणी संपायची वेळ एकच येते. बियाणं चांगलं होतं, खतही वेळेवर पडलं होतं, तरी बोंडं बारीक राहिली. मग दोष कंपनीवर जातो. अशा जमिनीत कपाशी घ्यायचीच तर कमी दिवसांचं, बुटकं सरळ वाण जवळ-जवळ लावून, नाहीतर देशी कपाशी.

ढोबळ मानाने खोलीप्रमाणे असं ठरवता येतं. फूटभर किंवा त्याहून कमी माती असेल तर हुलगा, मटकी, कारळे, फार तर कमी दिवसांची बाजरी, नाहीतर सरळ गवत आणि चारा. पाण्याची थोडी सोय असेल तर हीच जमीन सीताफळ, बोर, आवळ्याला चालते. एक ते दीड फुटात बाजरी, मूग, तीळ जमतात. माती भुसभुशीत असेल तर भुईमूगही, कारण आऱ्या (फुलांतून निघून जमिनीत शेंग धरणारे देठ) मातीत सहज शिरतात आणि काढणीला शेंगा मागे राहत नाहीत. भारी काळ्या मातीत भुईमूग उपटताना निम्म्या शेंगा ढेकळांत अडकतात, हा अनुभव अनेकांना असेल. दीड ते तीन फूट ही मध्यम जमीन सर्वांत मोकळी. सोयाबीन, तूर, ज्वारी, सूर्यफूल, आणि पाणी असेल तर कांदा. तीन फुटांच्या वर कपाशी, गहू, हरभरा आणि रब्बी ज्वारी. खरिपात मूग किंवा उडीद काढून त्याच रानात रब्बी ज्वारी घेणं खोल जमिनीतच परवडतं.

रब्बी ज्वारी हे या विचाराचं सर्वांत चोख उदाहरण आहे, कारण ती जवळजवळ पूर्णपणे साठलेल्या ओलीवर येते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने तिच्या वाणांची शिफारसच खोलीप्रमाणे केली आहे. ३० सेंमीपर्यंतच्या हलक्या जमिनीला फुले अनुराधा किंवा फुले माऊली. ६० सेंमीपर्यंतच्या मध्यम जमिनीला फुले सुचित्रा किंवा मोहोळची जुनी मालदांडी ३५-१. त्याहून खोल जमिनीला फुले वसुधा, फुले यशोदा. बियाणं आणायला जाताना वाणाच्या नावाआधी आपल्या तुकड्याची खोली सेंटिमीटरमध्ये सांगता आली पाहिजे.

निचरा: पाणी किती वेळात मुरतं

खोल जमीन म्हणजे चांगली जमीन, हा समज बागायतीत महागात पडतो. फूटभर खोल आणि फूटभर रुंद खड्डा घ्या, काठोकाठ पाणी भरा, मुरू द्या. पुन्हा भरा आणि आता मोजा. दुसऱ्या भरणीत तासाला दोन-चार सेंटिमीटर पातळी उतरली तर निचरा बरा. सेंटिमीटरभरही उतरली नाही तर जमीन चिबडण्याच्या, म्हणजे पाणी साचून दलदलीसारखी होण्याच्या वाटेवर आहे असं समजा. पहिल्या भरणीचा आकडा धरू नका. सुकलेली काळी माती भेगांतून पाणी गटागट पिते आणि फसवते.

निचरा कमी असेल तिथे हळद, आलं, पपई, डाळिंब, संत्रा आणि तूर यांच्या वाटेला जाऊ नये. हळद-आल्याचे कंद कुजतात, पपईचं खोड बुंध्याशी सडतं, तुरीला मर लागते. नागपुरी संत्र्याच्या भारी जमिनीतल्या बागा डिंक्याने (खोडातून डिंक गळण्याच्या रोगाने) जातात, त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा साचलेलं पाणीच असतं. डाळिंबाचं उलट बघा. सांगोला, आटपाडीच्या माळावर ते फोफावलं ते तिथली जमीन हलकी, मुरमाड आणि पाणी न धरणारी म्हणून. तेच झाड पाहुण्याच्या भरवशावर काळ्या रानात लावलं की पहिली दोन वर्षं डोळ्यात भरतं. पुढे मर आणि तेल्या (फळा-पानांवर तेलकट डाग पाडणारा रोग) मागे लागतात, आणि फवारणीचा खर्च फळाच्या पैशाला खाऊन टाकतो.

सोयाबीन, तूर, हरभऱ्यासाठी निचऱ्याचा मध्यम दोष असलेली भारी जमीन सुधारता येते. रुंद वरंबा सरी पद्धतीने पेरणी केली की जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं आणि खंडात तीच सरी ओल धरते. ऊस आणि भात पाणी सोसतात हे खरं. पण सोसतात म्हणून पाजत राहिलं तर काय होतं हे सांगली-कोल्हापूरकडच्या नदीकाठाने दाखवलं आहे. मोकाट पाण्याने खालची पातळी वर आली, तिच्याबरोबर क्षार वर आले. आज तिथे जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा करावा लागतो आहे. त्याचा एकरी खर्च ठिबकपेक्षा हलका नाही.

चुनखडी, खार आणि चोपण

इथे थोडा जास्त वेळ द्या. फळबाग लावायची असेल तर ही पायरी टाळूच नका.

चुनखडी तपासायला खड्ड्याच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत, फुटाफुटावर, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन-चार थेंब टाका. हातमोजे घाला. आम्ल नसेल तर लिंबाचा रस. प्रतिक्रिया मंद दिसते पण दिसते. फसफसलं तर चुनखडी आहे. वरच्या फुटात काहीच नाही आणि दोन फुटांवर जोरात फेस, असं अनेकदा होतं. पांढऱ्या खड्यांचा थर तिथे डोळ्यांनाही दिसतो. वरच्या नमुन्याचा अहवाल स्वच्छ येतो, झाड लागतं, आणि मुळं त्या थरात पोचली की तिसऱ्या-चौथ्या वर्षी पानं पिवळी पडतात. शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. गावात याला केवडा पडला म्हणतात. चुन्यामुळे लोह मातीत असूनही झाडाला मिळत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) फवारून तात्पुरता रंग येतो, पण बागेच्या आयुष्यभर फवारत बसणं हा काही धंदा नव्हे. मुक्त चुनखडी १० टक्क्यांच्या वर असेल तर संत्रा, मोसंबी, लिंबू यांचा नाद सोडलेला बरा. बोर, आवळा, सीताफळ ती जास्त सोसतात.

खारवट आणि चोपण या दोन वेगळ्या जमिनी आहेत, आणि त्यांचं औषधही वेगळं आहे. खारवट जमिनीत विद्राव्य क्षार जास्त. क्षारता ४ डेसिसायमनच्या वर, सामू मात्र ८.५ च्या आत. पृष्ठभागावर पांढरा थर येतो. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसलेला असतो. तिथे सामू ८.५ च्या वर जातो आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांहून जास्त असतो. ही माती ओली झाली की लोण्यासारखी चिकट आणि वाळली की दगड.

चोपण ओळखायची घरची चाचणी सोपी आहे. काचेच्या ग्लासात पावसाचं किंवा बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी घ्या. विहिरीचं चालणार नाही, त्यातले क्षार खरा प्रकार लपवतात. हरभऱ्याएवढं पूर्ण वाळलेलं ढेकूळ अलगद तळाशी सोडा आणि ग्लास हलवू नका. ढेकूळ नुसतं विरघळून बसलं आणि पाणी नितळ राहिलं, तर मातीत सेंद्रिय पदार्थ कमी आहे एवढंच. ढेकळाभोवती दुधट वलय पसरायला लागलं आणि काही तासांनी पाणी गढूळच राहिलं, तर सोडियम आहे. मग मात्र नमुना प्रयोगशाळेत पाठवा आणि विनिमययोग्य सोडियम मुद्दाम काढायला सांगा.

खारवट जमिनीचा उपाय म्हणजे निचरा आणि चांगल्या पाण्याने धुणं. चोपण जमिनीला जिप्सम लागतं. चुनखडी असेल तर गंधकही चालतं. मात्रा अहवालावरून ठरवायची. एक गोष्ट जिप्सम विकणारा सांगत नाही: चर नसतील तर सुटलेला सोडियम जाणार कुठे? आधी चर काढा, मग पोती आणा. त्यानंतर धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पेरून साधारण दीड महिन्यात, फुलावर येताना, गाडून टाका.

दरम्यान पीक कोणतं? मूग, उडीद, हरभरा, घेवडा, वाटाणा ही क्षाराला सर्वांत नाजूक. कपाशी, बीट आणि पालक बऱ्यापैकी सोसतात, गहू मध्यम. फळांत नारळ, चिकू, पेरू, बोर, आवळा. द्राक्षात क्षारयुक्त जागेसाठी डॉगरिज खुंट (ज्यावर कलम बांधतात ते मूळझाड) वापरतात. कोकणातल्या खार जमिनींसाठी पनवेलच्या संशोधन केंद्राने भाताचे पनवेल १, २, ३ असे वाण दिले आहेत. पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याचा तो भाग, याहून अवघड. तिथे जमीन चोपण आणि भूगर्भातलं पाणीही खारं. बोअर मारून ओलीत करणं म्हणजे विकतचं दुखणं. शेततळ्यात धरलेलं पावसाचं पाणी हाच तिथला भरवसा.

यासाठी मातीबरोबर पाणीही तपासायला द्या. पाण्याचा अवशिष्ट सोडियम कार्बोनेट २.५ च्या वर असेल तर त्या पाण्याने आजची चांगली जमीन काही वर्षांत चोपण होते.

नमुना कसा घ्यायचा

हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. पीक निघाल्यावर, खत टाकायच्या आधी. बांध, झाडाखालची जागा, उकिरडा, गुरं बसण्याची जागा सोडून प्रत्येक तुकड्यातून नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचे १५-२० सेंमी खोल खड्डे. त्यांच्या कडेची माती एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत हेच. माती सावलीत वाळवायची. खताच्या रिकाम्या गोणीत भरायची नाही. फळबागेसाठी मात्र एक नमुना पुरत नाही. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या फुटाचे तीन वेगळे नमुने द्या.

अहवालात सामू ६.५ ते ७.५ आणि क्षारता १ च्या आत असेल तर पिकाच्या निवडीवर रासायनिक बंधन फारसं नाही. निर्णय खोली आणि निचऱ्यावरच करा.

कोकणाचं गणित वेगळं

वरचं बरंचसं देशावरच्या काळ्या जमिनीबद्दल होतं. कोकणातल्या जांभ्यावर चुनखडीचा प्रश्नच नाही. तिथे सामू खाली घसरलेला असतो. मुसळधार पावसाने चुना आणि पालाश धुऊन नेलेले असतात, आणि दिलेलं स्फुरद लोह-ॲल्युमिनियमला चिकटून बसतं. निचरा मात्र भरपूर. म्हणून उतारावर काजू, आंबा, कोकम, वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीवर नाचणी, वरी, खाचरात भात. इथे शेणखताबरोबर स्फुरद मुळाजवळ देणं आणि सामू फारच कमी असेल तर चुना टाकणं, हे खताच्या जादा गोणीपेक्षा जास्त कामाला येतं.

निर्णय झाल्यावर

तुकड्यागणिक दोन-तीन पिकांची यादी हातात आली की मगच बाजार आणि मजुरी बघा. उलटं केलं, म्हणजे भाव बघून पीक ठरवलं आणि नंतर जमीन शोधली, की खर्च वाढत जातो. कोरडवाहूत एकाच पिकावर सगळा तुकडा लावू नका. मध्यम जमिनीत बाजरी-तूर २:१, सोयाबीन-तूर ३:१, कपाशीत मूग १:१ ही आंतरपिकं रुळलेली आहेत. वरच्या थरातलं पाणी एक पीक पितं, खालचं तुरीचं सोटमूळ. दोघांचं भांडण कमी. पुढच्या वर्षी त्या जागी तृणधान्य फिरवा.

तलावातला गाळ आणून बरड सुधारण्याची पद्धत चांगली आहे, पण गाळाचाही सामू आणि क्षारता आधी तपासा. शिवाय भारी किंवा चिबड रानात गाळ टाकणं म्हणजे डिझेल वाया. तो माथ्याच्या मुरमाड तुकड्यावरच न्या आणि नांगरून मातीत मिसळा. नुसता थर ठेवला तर पाणी त्याच थरात अडकतं.

नवीन पीक असेल तर पहिल्या हंगामात तुकड्याच्या कडेला चार-सहा ओळींचा पट्टा लावून पाहा. खंडात त्याने किती दिवसांनी मान टाकली आणि पावसानंतर किती दिवसांनी पुन्हा कोळपणी करता आली, एवढ्या दोन नोंदी वहीत ठेवा. फळबागेला अशी चाचणी घेता येत नाही, चूक कळायला चार वर्षं जातात. म्हणून तिथे एकरी निदान दोन-तीन खड्डे, तिन्ही फुटांचे अहवाल आणि पाण्याचा अहवाल हातात आल्याशिवाय रोपवाटिकेला विसार देऊ नका.